काठीचाही हिशोब लागला पाहिजे

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला दोन शब्द बोलायला सांगितले. आम्ही गिरणी कामगार. कॉलेजची पायरी काही चढलो नाही. जे वाचले ते पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून, आणि जे समजले नाही ते चार वकिलांना विचारून. तेव्हा आमच्याकडून पांडित्याची अपेक्षा धरू नये. आम्ही एकच साधा प्रश्न आपल्यापुढे ठेवणार आहोत.

पोलिसाने एखाद्या माणसावर काठी चालवली, त्याला फरफटत गाडीत घातले, कोठडीत पट्ट्याने मारले, तर ती गोष्ट कुठे लिहिली जाते? कोण लिहितो? लिहिलेला कागद ठाण्याच्या बाहेर कोणाला पाठवावा लागतो? आणि ज्याला मार बसला त्याला त्या कागदाची नक्कल मिळते का?

आपण म्हणाल, आज आनंदाचा दिवस, आज हा विषय कशाला? तर त्याचे कारण आहे. वस्तीत काही झाले, बंद झाला, मोर्चा निघाला, की रात्री पोलिसांची गाडी कुठल्या गल्लीत येते हे आम्ही तुम्हाला सांगायला नको. दार ठोठावले जाते, पोरे उचलली जातात. चार दिवसांनी पोरगा घरी येतो, पाठ दाखवतो, आई हळद गरम करून लावते, आणि बाप म्हणतो, "जाऊ दे, सुटला ना, पुरे झालं." प्रकरण तिथेच मिटते. ते कुठल्याही कागदावर येत नाही. कागदावर नाही म्हणजे सरकारच्या लेखी ते घडलेच नाही. आमचे आजचे सगळे बोलणे एवढ्याच गोष्टीबद्दल आहे.

आम्ही आयुष्य यंत्रांच्या सोबतीने काढले, म्हणून आधी गिरणीतलीच गोष्ट सांगतो. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये ८८ वे कलम होते. कामगार अपघातात मेला, किंवा त्याला अशी इजा झाली की तो ४८ तास किंवा त्याहून जास्त कामावर येऊ शकला नाही, तर मॅनेजरने फॅक्टरी इन्स्पेक्टरला लेखी खबर द्यायचीच. चूक कामगाराची की यंत्राची, हा पुढचा प्रश्न. आधी खबर. आज कामगार कायदे नव्या संहितांमध्ये गेले, तरी अपघाताची खबर देण्याचे बंधन त्यांतही ठेवलेले आहे.

आता या नोंदीचा उपयोग काय, ते बघा. आम्ही होतो त्या खात्यात एका मशीनच्या पट्ट्यात तीन जणांचे हात गेले, वेगवेगळ्या पाळीत, वेगवेगळ्या महिन्यात. प्रत्येक वेळी जॉबरचे ठरलेले उत्तर, "बदलीवाला होता, लक्ष नव्हतं." एकेकटा अपघात बघितला तर जॉबरचे म्हणणे खरेही वाटायचे. पण अपघाताच्या रजिस्टरमध्ये एकाखाली एक तीन नोंदी पडल्या, मशीनचा नंबर तोच. इन्स्पेक्टरने बोट ठेवून विचारले, "माणसे तीन आणि मशीन एकच, हे कसे?" पुढच्या आठवड्यात पट्ट्यावर जाळी बसली. आमच्या युनियनने भाषणे पुष्कळ केली होती, पण जाळी त्या तीन ओळींनी बसवली.

मग आम्ही विचारतो, कामगाराचे बोट तुटले तर मालकाला सरकारला कळवावे लागते, आणि पोलिसाच्या काठीने त्याच कामगाराचा हात मोडला तर तसेच का नाही? बोट तेच, हात तोच, माणूसही तोच.

आता कोणी म्हणेल, पोलिसांना बळ वापरायचा अधिकार कायद्यानेच दिला आहे. बरोबर आहे, दिला आहे. बेकायदेशीर जमाव हटत नसेल तर तो बळाने हटवता येतो. अटक करताना कोणी झटापट केली तर त्याला आवरण्यापुरते बळ वापरता येते. पण त्याच कायद्यात असेही लिहिले आहे की धरलेला माणूस पळून जाऊ नये यासाठी लागेल त्यापेक्षा जास्त त्याला जखडायचे नाही. पूर्वी ही कलमे फौजदारी प्रक्रिया संहितेत होती, १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहेत. भाषा बदलली असेल, तत्त्व तेच. बळ मोजून वापरायचे. आणि मोजून वापरायचे असेल तर माप कुठेतरी लिहावे लागेल की नाही? रेशन दुकानदार सुद्धा "मी बरोबरच दिले" एवढे बोलून सुटत नाही, त्याला वजनकाटा दाखवावा लागतो.

मग आज लिहिले काय जाते, तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. काहीच लिहिले जात नाही असे म्हणणे खोटे होईल.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोग १९९३ साली स्थापन झाला. त्याच वर्षी डिसेंबरात आयोगाने सर्व राज्यांना कळवले की कोठडीत मृत्यू किंवा बलात्कार झाला तर जिल्हा दंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांनी २४ तासांच्या आत आयोगाला खबर द्यावी. खबर वेळेत आली नाही तर प्रकरण दडपण्याचा प्रयत्न झाला असे धरले जाईल, असेही त्यात बजावले. पुढे २०१० मध्ये पोलीस कारवाईत झालेल्या प्रत्येक मृत्यूची खबर ४८ तासांत द्यावी असे ठरले.

आपल्या मुंबईच्या चकमकींचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. १९९५ ते १९९७ या काळातल्या ९९ चकमकी आणि त्यांत मेलेली सुमारे १३५ माणसे, असा तो मामला. त्याचा निकाल २३ सप्टेंबर २०१४ रोजी लागला. त्यात न्यायालयाने सोळा सूचना दिल्या. पोलीस गोळीबारात माणूस मेला तर गुन्हा नोंदवायचा, तपास दुसऱ्याच ठाण्याच्या पथकाने किंवा सीआयडीने करायचा, आणि पोलीस महासंचालकांनी दर सहा महिन्यांनी अशा मृत्यूंचे पत्रक मानवी हक्क आयोगाला पाठवायचे, जानेवारी आणि जुलैच्या १५ तारखेच्या आत.

या सगळ्या नियमांत एक शब्द समान आहे. मृत्यू. माणूस मेला तर खबर. माणूस अर्धमेला होऊन घरी आला तर आयोगाला कळवण्याचे असे बंधन नाही. म्हणजे आपल्या देशात पोलिसांच्या बळाची मोजणी स्मशानापासून सुरू होते. त्याआधीचे मोडलेले हात, फुटलेले कानाचे पडदे, सुजलेले तळपाय हे हिशोबातच नाहीत.

आणि मृत्यूची मोजणी तरी चोख आहे का? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या पुस्तकात २०२१ या वर्षी पोलीस कोठडीतील मृत्यू ८८. मानवी हक्क आयोगाकडे २०२१-२२ या वर्षी आलेल्या प्रकरणांचा आकडा, जो सरकारने संसदेत सांगितला, तो १७५. एकाचे वर्ष जानेवारीपासून, दुसऱ्याचे एप्रिलपासून, हे धरले तरी दुपटीचा फरक तीन महिन्यांनी पडत नाही. घरचा किराणा दोन वह्यांत लिहिला आणि एका वहीत निम्मेच आले, तर घरातली बाई सुद्धा विचारते, बाकीचे गेले कुठे?

आता गोळी आणि काठी यांतला फरक बघा. पोलिसाला काडतुसे मोजून देतात आणि मोजून परत घेतात. एक कमी आले तर जाब द्यावा लागतो. म्हणून गोळीबार पूर्ण लपत नाही. १९९२-९३ च्या मुंबई दंगलीची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने १९९८ साली अहवाल दिला. त्यात ९०० मृत्यू मोजले आणि त्यांपैकी ३५६ पोलीस गोळीबाराने झाले, असा वेगळा आकडा दिला. असा आकडा देता येतो, कारण गोळी मागे काहीतरी ठेवून जाते. काडतूस ठेवते, डॉक्टरचा अहवाल ठेवते, ठाण्याची नोंद ठेवते. काठीचे तसे नाही. काठी कितीही चालवली तरी संपत नाही. संध्याकाळी ती होती तशी कोपऱ्यात उभी असते. आपल्याकडे शब्दच आहे, मुका मार. वरून जखम दिसत नाही, आत माणूस खिळखिळा होतो. या मुक्या माराला बोलते करायचे तर कागदाशिवाय दुसरा उपाय नाही.

कागद कोण लिहितो याला किती महत्त्व आहे, ते रमाबाई नगरने आपल्याला शिकवले. ११ जुलै १९९७. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळ्या झाडल्या. १० माणसे गेली, २६ जखमी झाली. पोलिसांकडून पहिली हकीकत आली ती अशी की जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, मोठा अनर्थ टाळण्यासाठी गोळीबार करावा लागला. न्यायमूर्ती गुंडेवार यांचा आयोग नेमला गेला. आयोगाने हा गोळीबार समर्थनीय नव्हता असे सांगितले. हुकूम देणाऱ्या फौजदाराला सत्र न्यायालयाने मे २००९ मध्ये जन्मठेप सुनावली, आणि त्यानेही पुढे वरच्या न्यायालयात दाद मागितली. मोजा, घटनेपासून सत्र न्यायालयाच्या निकालापर्यंत जवळजवळ बारा वर्षे.

आमचे म्हणणे असे की पहिली हकीकत नेहमी बळ वापरणाराच लिहितो. त्याच दिवशी लिहितो. वर्तमानपत्रात तीच येते, मंत्री सभागृहात तीच वाचतात. दुसरी हकीकत, म्हणजे ज्यांनी गोळ्या खाल्ल्या त्यांची, ती आयोगापुढे साक्ष होईपर्यंत थांबते. तोवर वर्षे जातात. एक साक्षीदार गावी जातो, एक म्हातारा होतो, एक घाबरतो. म्हणून पहिल्याच दिवशी काय लिहायचे आणि कोणाला कळवायचे याचा नियम पक्का पाहिजे.

परभणीचे दुःख अजून ताजे आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, मग वस्त्यांतून धरपकड. त्यात कायद्याचे शिक्षण घेणारा ३५ वर्षांचा एक तरुण होता. १५ डिसेंबरला तो न्यायालयीन कोठडीत असताना मेला. आधी हृदयविकाराचे बोलले गेले. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण आले. त्याच्या आईला उच्च न्यायालयात जावे लागले. औरंगाबाद खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्यावर सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ३० जुलैला तिथेही तो आदेश कायम राहिला. नुसता गुन्हा नोंदवून घ्यायला सात महिने आणि दोन न्यायालये लागली.

आता आम्ही विचारतो, अटकेपासून मृत्यूपर्यंतच्या त्या चार-पाच दिवसांत, कोणी कधी बळ वापरले, कशाने वापरले, कुठे लागले, हे त्या त्या तासाला लिहिण्याचे आणि त्याच दिवशी ठाण्याबाहेर कळवण्याचे बंधन असते तर? एक तर मारणाऱ्या हाताने दोनदा विचार केला असता. नाहीतर कोऱ्या कागदानेच साक्ष दिली असती, की जखमा आहेत आणि नोंद नाही. तेवढ्यावरून सुद्धा खोटेपणा पकडता येतो.

हे सगळे अशक्य आहे, असे कोणी म्हणेल तर त्याला इंग्लंड दाखवावे. आपली पोलीस व्यवस्था त्यांनीच घालून दिली. तिकडे, म्हणजे इंग्लंड आणि वेल्समध्ये, एप्रिल २०१७ पासून सर्व ४३ पोलीस दलांना बळाचा प्रत्येक वापर लिहावा लागतो. नुसती बेडी घातली तरी. काठी, डोळ्यांत मारायचा फवारा, विजेचा झटका देणारे हत्यार, कुत्रा, बंदूक, सगळे. का वापरले, समोरच्याचे वय काय, वंश कोणता, कोणाला इजा झाली, पुढे काय झाले, असे रकाने आहेत. त्याची आकडेवारी दरवर्षी छापून येते. पहिल्या वर्षी सुमारे ३ लाख १३ हजार नोंदी आल्या, २०२२-२३ मध्ये त्या साडेसहा लाखांच्या वर गेल्या. म्हणजे मारहाण दुप्पट झाली असे लगेच समजू नये. नोंदी लिहिण्याची सवय लागली, हेही त्याचे एक मोठे कारण. आणि त्या नोंदींतून एक गोष्ट चव्हाट्यावर आली. काळ्या लोकांवर त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने कितीतरी जास्त वेळा बळ वापरले जाते. काळे लोक हे वर्षानुवर्षे सांगतच होते. पण सांगणे आणि सरकारच्याच कागदावर येणे यात फरक असतो.

उलट उदाहरण अमेरिकेचे. तिथे लहानमोठी मिळून १८ हजारांच्या आसपास पोलीस खाती आहेत. सगळ्या देशाचा हिशोब एकत्र करण्याचे काम केंद्रीय तपास खात्याने, एफबीआयने, जानेवारी २०१९ मध्ये सुरू केले, पण माहिती देणे खात्यांच्या मर्जीवर ठेवले. ज्याला वाटेल त्याने द्यावी. त्याआधी २०१५ पासून वॉशिंग्टन पोस्ट या वर्तमानपत्राने पोलिसांच्या गोळीने मरणाऱ्यांची मोजणी स्वतः सुरू केली, तेव्हा वर्षाला हजाराच्या आसपास आकडा निघाला. सरकारी आकड्याच्या तो दुपटीहून जास्त होता! कॅलिफोर्निया राज्याने मात्र २०१५ मध्ये कायदा करून गोळीबाराची आणि गंभीर इजेची माहिती राज्याच्या न्याय खात्याला देणे सक्तीचे केले.

२५ मे २०२० रोजी मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या मानेवर पोलिसाने नऊ मिनिटांहून जास्त वेळ गुडघा दाबून ठेवला. त्या रात्री पोलिसांनी जे पहिले निवेदन काढले त्यात गुडघ्याचा शब्द नव्हता. पोलिसांशी गाठ पडली असता प्रकृती बिघडून एक माणूस मेला, एवढेच होते. रस्त्यात उभ्या असलेल्या एका शाळकरी मुलीने मोबाईलवर चित्रण केले नसते तर तेच निवेदन इतिहास झाले असते. परभणी कुठे आणि मिनियापोलिस कुठे, पण पहिल्या कागदाची चाल बघा, सारखीच आहे. मर्जीवर सोडले की असे होते. म्हणून आमचा जोर सक्तीवर आहे.

आता या मागणीला विरोध करणारे काय म्हणतात, तेही ऐकू. ते म्हणतात, पोलीस आधीच बंदोबस्ताने पिचलेला आहे, त्याच्यावर आणखी लिखापढी कशाला? त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. आपल्याही वस्तीतली पोरे-पोरी पोलीस भरतीत उतरली, आज वर्दीत आहेत. बारा-बारा तासांची ड्युटी त्यांच्या आयांना विचारा. पण नोंदीचा कागद हा त्या साध्या शिपायाचाच आधार आहे. वरून साहेब तोंडी हुकूम देतो, "जरा हात साफ करा", आणि अंगाशी आले की निलंबित होतो शिपाई. हुकूम कोणी दिला हा रकाना कागदावर असेल तर साहेबालाही बोलताना विचार करावा लागेल. आणि ज्या पोलिसाने दगड खाऊनही हात आवरला, त्याचा संयमही कुठेतरी लिहिला जाईल.

दुसरे म्हणतात, खोटे लिहितील. लिहितील की! गिरणीतही अपघात लपवायचे. पण खोटे लिहायला सुद्धा सही करावी लागते, वेळ टाकावी लागते, साक्षीदार दाखवावा लागतो. सही केलेले खोटे पकडता येते. न लिहिलेले खोटे कसे पकडणार?

तिसरे म्हणतात, यामुळे गुंडांचे फावेल. यावर आमचे एवढेच उत्तर, की गुंडाला आवरायला वापरलेले योग्य बळ लिहायला लाज कसली? लाज फक्त त्याला, ज्याला जे केले ते सांगता येत नाही.

तेव्हा या विहाराच्या व्यासपीठावरून आम्ही पाच मागण्या मांडतो. एक, हातापायाच्या माराहून अधिक काय, बेडी, काठी, पट्टा, अश्रुधूर, गोळी, कशाही प्रकारे बळ वापरले गेले तर वापरणाऱ्या पोलिसाने ड्युटी संपण्यापूर्वी ते स्वतःच्या सहीने लिहावे, आणि हुकूम कोणाचा तेही लिहावे. दोन, ज्याच्यावर बळ वापरले त्याला किंवा त्याच्या घरच्यांना नक्कल मिळावी. तीन, इजा झाली असेल तर २४ तासांत दंडाधिकाऱ्याला आणि राज्य मानवी हक्क आयोगाला खबर जावी, माणूस मरण्याची वाट बघू नये. चार, दर सहा महिन्यांनी प्रत्येक ठाण्याचे आकडे ठाण्याच्या बाहेर फळ्यावर लागावेत, आणि त्यात जात-धर्माचा रकाना असावा. माणसाचे नाव नको, फक्त आकडे. मार कोणाच्या वाट्याला किती येतो हे देशाला एकदा कळू द्या. पाच, नोंद केली नाही तर तोच वेगळा कसूर मानून शिक्षा व्हावी.

यासाठी कायदा बदलावा लागेल, नियम करावे लागतील. ते आमदारांचे, खासदारांचे काम. पण तोवर आपण हात बांधून बसायचे नाही. आजच्या कायद्यातही आपल्याला कागद तयार करता येतो. तरुणांनी हे नीट लक्षात ठेवावे, भगिनींनी तर पाठच करावे, कारण रात्री ठाण्यावर पहिली आईच जाते.

सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ रोजी डी. के. बसू खटल्यात अकरा नियम दिले. हे बसू पश्चिम बंगालमधल्या कायदे-मदत संस्थेचे पदाधिकारी. त्यांनी १९८६ मध्ये कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून सरन्यायाधीशांना पत्र लिहिले, तेच पत्र याचिका म्हणून घेतले गेले. एका पत्रातून एवढा कायदा झाला, हे विसरू नका. त्यातला एक नियम असा की अटक झालेल्याने मागणी केली तर अटकेच्या वेळीच त्याचे अंग तपासून लहानमोठ्या सगळ्या जखमा लिहायच्या, त्यावर त्याची आणि पोलिसाची, दोघांची सही, आणि एक नक्कल त्याला. लक्षात घ्या, मागणी केली तर. आपण मागत नाही, ते देत नाहीत. कोठडीत असेपर्यंत दर ४८ तासांनी डॉक्टरी तपासणी, हाही त्यातलाच नियम.

अटकेनंतर डॉक्टर तपासतो तेव्हा त्याने जखमा आणि त्या अंदाजे कधी झाल्या ते लिहायचे असते, आणि त्या अहवालाची नक्कल अटक झालेल्याला किंवा तो सांगेल त्या माणसाला द्यायची असते. ती मागा. पोरगा सुटून आला आणि अंगावर वळ असतील तर हळद नंतर लावा, आधी सरकारी दवाखान्यात न्या. पोलिसांनी मारले असे डॉक्टरला स्पष्ट सांगा आणि तेच शब्द केस पेपरवर उतरले का ते वाचून बघा. "पडला" असे लिहिले असेल तर तिथेच हरकत घ्या. मोबाईल आहेत, तारखेसह फोटो काढा.

मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले आणि त्यांनी विचारले, "काही तक्रार आहे का?", तर मान खाली घालून "नाही" म्हणू नका. त्या एका "नाही" मध्ये पुढची सगळी केस बुडते. पोरांना हे आधीच शिकवून ठेवा. वकिलाला पैसे नाहीत म्हणून अडू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो.

२ डिसेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावायला आणि चित्रण अठरा महिने, निदान एक वर्ष तरी, जपून ठेवायला सांगितले. ठाण्यात बळ वापरून गंभीर इजा झाली तर राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करता येते, आणि आयोग ते चित्रण मागवू शकतो. आपल्या राज्याचा आयोग २००१ पासून आहे. तक्रारीला फी नाही. मात्र घटनेपासून एक वर्षाच्या आत करावी लागते, नंतर आयोग हात लावत नाही. म्हणून अर्जात चित्रण जपून ठेवण्याची मागणी पहिल्याच आठवड्यात करा.

आणि शेवटची गोष्ट आम्ही समितीलाच सांगतो. विहारात देणगीची वही आहे, हजेरीची वही आहे, लग्नाच्या नोंदींची वही आहे. तशी आणखी एक वही ठेवावी. वस्तीतल्या कोणावर पोलिसांनी बळ वापरले तर तारीख, वेळ, ठिकाण, कोणते ठाणे, दवाखान्याच्या केस पेपरचा नंबर, साक्षीदार कोण, हे त्यात लिहावे. वाढवून लिहू नये, ऐकीव लिहू नये, रागाने लिहू नये. पोलीस आपल्याशी चांगले वागले तर तेही लिहावे. ही वही चार शिकलेल्या मुलामुलींनी सांभाळावी आणि ज्याची नोंद त्याच्या परवानगीशिवाय कोणाला दाखवू नये. वर्षाच्या शेवटी माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून ठाण्याकडून त्यांचे आकडे मागवावेत आणि आपल्या वहीशी ताडून बघावेत. दोन वह्या जुळल्या तर उत्तम. नाही जुळल्या तर त्या दोन्ही घेऊन आयोगापुढे आणि न्यायालयापुढे जाता येईल, आणि तेव्हा आपले बोलणे नुसते गाऱ्हाणे म्हणून कोणी झटकू शकणार नाही.

दोनशे पानी वहीला काही फार पैसे लागत नाहीत. ती पहिली वही आम्ही आजच समितीच्या हवाली करीत आहोत. तिची पाने कोरीच राहोत, अशी इच्छा व्यक्त करून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो.

जय भीम.